आजी असलेली अनाथ

३० नोव्हें., रविवार

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू. पहिली मेणबत्ती पेटली, फादरांचं प्रवचन आशेवर. पंचवीस मिनिटं. मागच्या बाकावर दोन मुली आशेनेच झोपल्या. मिस्सानंतर फादर म्हणाले, नाताळाआधी मुंबईचे देणगीदार येतायत, त्यांना वसतिगृहातल्या अनाथ मुलांना भेटायचंय, यादी करा. म्हटलं, एकोणतीस मुलींत आईबाप दोन्ही गेलेली एकच, सविता. आणि ती दिवाळीला काकाकडे गेली ती परतलीच नाही. फादरांना वाईट वाटलं. नेमकं कशाचं, ते विचारलं नाही.

१ डिसें., सोमवार

उधव्याला जाणाऱ्या जीपमध्ये अकरा माणसं नि एक बोकड. खिडकी बोकडाला. पुढे सविताच्या पाड्यापर्यंत पायी. सविता अंगणात, कडेवर काकाचं दोन वर्षांचं पोर. मला बघून हसली, मग आत पळाली. काका रामजी भला माणूस, हाच तर वैताग. दुष्ट असता तर भांडता आलं असतं. भात झोडून झालाय. पुढच्या सोमवारी वीटभट्टीचा ट्रक येणार, होळीपर्यंत सगळे तिकडे. सविताही. अकरा वर्षं, सहावीत, गणितात पहिली.

"ती काम नाय करणार, बाय. पोराला धरून बसंल नुसती. आम्ही दोघं चिखलात, याला कोण बघंल?"

पोराला धरून बसणं काम नसेल तर मी वसतिगृहात बावीस वर्षं काय करतेय? हे तिथे सुचलं नाही. परतीच्या जीपमध्ये सुचलं. बोकड तेव्हा नव्हता.

३ डिसें., बुधवार

तलासरीला कचेरीत गेले. अनाथ मुलांना सरकारी मदत मिळते, तिचा अर्ज आणला. मिळाली तर काकी पोराला घेऊन घरी राहू शकेल, मग सविताला न्यायचं कारणच उरलं नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन वडापाव खाल्ला. जवळच्या नातेवाइकाचा अंगठा लागतो. सविताची आजी आहे.

५ डिसें., शुक्रवार

आजीने कोरा चहा दिला. शेजारी बसून अर्ज वाचून दाखवायला लावला, सगळा. 'सदर मूल अनाथ आहे' इथे हात वर केला.

"मी जिती हाय ना?"

म्हटलं, आजी, हा नुसता कागद आहे.

"कागदावर मी मेली?"

मग रामजीला हाक. हा तिचा काका, ही काकी, पलीकडे आत्या. भावाचं पोर ते आपलंच पोर, पाड्यात कुणाला विचार. पोर अनाथ म्हणून लिहून दिलं तर उद्या लोक तोंडावर थुंकतील. अंगठा पदराखाली. वर मलाच विचारलं, "तुला कोण हाय गं घरी?" कोणी नाही म्हटलं. तर माझ्याकडे अशा काही दयेने बघितलं की अर्ज माझ्याच नावाने भरावा.

चूक माझी. बावीस वर्षं या पाड्यांत हिंडून म्हातारीकडे ती मेल्याचा कागद घेऊन गेले.

७ डिसें., रविवार

दुसरी मेणबत्ती. फादर म्हणतात, अंगठा नाही तर राहू दे, पण देणगीदारांना काय दाखवू? नाताळच्या गव्हाणीतला योसेफ दाखवा म्हटलं. पोटातलं मूल त्याचं नव्हतं, तरी गरोदर बायकोला नावनोंदणीला बरोबर घेऊन गेला, दाखला मागत बसला नाही. फादर म्हणाले, चर्चच्या मासिकात लेख लिहा यावर. म्हणजे विषय संपला.

देवा, रागावू नकोस, पण आशा ठेवायची ती कुणावर? रामजी प्रेमाने नेतोय. आजी मायेने अडवतेय. मी अर्ज घेऊन पळतेय. सगळे चांगले, आणि पोरगी भट्टीवर. आज प्रार्थनेत नुसती कुरकुर. ती पोचते का...

८ डिसें., सोमवार

ट्रकचा दिवस. सकाळी नऊला फाटकाशी हॉर्न. मागे भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. रामजी खाली उतरला, मागोमाग सविता, दप्तर पाठीला, पोर कडेवर.

"आजी बोलली, त्या बायला घरी कोणी नाय. दोघांना तिच्याकडं ठेव."

मी तोंड उघडायच्या आत ट्रक चारोटीकडे निघाला. काकी पाठमोरी बसली होती, तिने वळून बघितलं नाही.

फक्त मुलींचं वसतिगृह, तेही पाचवीपासून. हा मुलगा, दोन वर्षांचा, आईबाप धडधाकट. फादर संध्याकाळी येतील, त्यांना काय सांगू ठरलं नाही. पोर दुपारभर रडलं, आता सविताच्या खांद्यावर झोपलंय. खाली ठेवलं की उठतं.

उद्या साडेदहाला तिची गणिताची चाचणी. ती वर्गात गेल्यावर याला कोण घेणार, हे तिने विचारलं नाही. दप्तर भरता भरता दोनदा माझ्याकडे बघितलं फक्त.