चुन्याला शंभरात ऐंशी

बनशंकरी, बंगळूर
फेब्रुवारी १९९७

प्रिय वाणी,

अनेक आशीर्वाद. नाशिकची नोकरी सोडून तू कायमची माझ्याकडे येणार, हे तुझं पत्र चारदा वाचलं. उत्तराला आठ दिवस लागले, कारण हल्ली मी सकाळी नुसती उजेड बघत बसते. समोर चार मजली काचेची इमारत झाली आहे. सूर्य उगवतो घरामागे आणि नऊ वाजता ऊन येतं पुढच्या दारातून! तुळस बिचारी गोंधळली आहे. ते ऊन भिंतीवरून सरकत देवघरापर्यंत जातं आणि दहा मिनिटांत पसार होतं.

रवी असता तर उजेड मोजायचा मीटर घेऊन धावला असता. घरांचे नकाशे काढणारा माझा मुलगा, आणि कोण किती उजेड परत फेकतं यावर भिंती-फरश्यांना मार्क द्यायची खोड! लोक लग्नानंतर उटीला जातात. तुम्ही दोघं उजेड मोजत गल्लोगल्ली हिंडलात. चुन्याला शंभरात ऐंशी. आपल्या ग्रॅनाइटच्या पायरीला पंचवीस. माझ्या लाडक्या तांबड्या जमिनीला फक्त बारा! मी दोन दिवस अबोला धरला. मग म्हणाला, अक्का, ती उजेड थोडाच परत देते, पण रंगवून देते, म्हणून तर संध्याकाळी तू इतकी छान दिसतेस. लबाड कुठला.

तुमच्या खोलीला हिरवा ऑइलपेंट मीच हट्टानं लावला होता, पुसायला सोपा म्हणून. खिडकीसमोर एक तुकडा चकाकायचा, बाकी सगळा अंधार. रवी गेल्यावर तू वर्षभर त्या अंधारात बसलीस आणि मी तुला ऊठ म्हटलं नाही. तू दिसलीस की तो घरात आहे असं वाटायचं. स्वार्थ होता गं माझा.

गेल्या आठवड्यात रंगारी मल्लाप्पाला बोलावून त्या भिंती खरवडून घेतल्या. 'सुण्ण बेका, अम्मा?' त्यानं दारातून विचारलं आणि मला हसू फुटलं. तू नवी नवरी होतीस, 'बेका' म्हणजे 'हवं का' एवढंच कन्नड येत होतं. हाच प्रश्न ऐकून घाबरून आत आलीस, अक्का, दारातला माणूस सून हवी का विचारतोय! तो बिचारा चुन्याचं विचारत होता. आता चुना दिलेल्या त्या खोलीत कुठेच चकाकत नाही, पण कोपऱ्यातही सुई ओवता येते. मी दुपारभर तिथेच पडून असते.

तुझ्या बाबांचंही पत्र आलंय. व्यंकटेशनं तुला मागणी घातली, तुलाही तो आवडतो, आणि केवळ अक्काला एकटं कसं सोडू म्हणून तू नाही म्हणणार आहेस. म्हणून हे लिहिते आहे. येऊ नकोस, वाणी. ती खोली मी भाड्यानं दिली. बँकेतली मुलगी आहे, विद्या. काल तिचं टेबल आलं, एक तारखेला ती येईल. तुझे कपडे पार्सलनं पाठवते. मीटरवर हक्क तुझा, पण तो माझ्याकडेच राहू दे, सोडवत नाही. व्यंकटेशला हो म्हण. आणि लग्नात मी मुलीकडच्या बायकांत बसणार आहे, कुणी नातं विचारलं तर तुझी आई म्हणून सांगेन.

तुझीच,
सोयराअक्का