सोमालियाचा शिलिंग

गुरुजी, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. परवा दुबईत, आमच्या देरा भागातल्या मनी एक्स्चेंजमधल्या भावांच्या बोर्डवरून ऑस्ट्रियाचा शिलिंग उतरवला. तिकडे आता युरो आला. इंग्रजांनी तर आपला शिलिंग कधीच टाकून दिला, आमच्या बोर्डवर उरला तो केनिया, युगांडा, टांझानियाचा. पाटी निघताना मी उगाच उभा राहिलो. कानात तुमचा आवाज, ‘बारा पेन्स एक शिलिंग, वीस शिलिंग एक पौंड.’ आपल्या शाळेत पौंड कुणी पाहिला नव्हता, पण ते कोष्टक आपण कवितेच्या चालीवर म्हणायचो. मी डोलायचो आणि गणित चुकायचं. ‘नादावर जातोस रे तू,’ तुम्ही म्हणायचात.

सात-आठ वर्षांपूर्वीचं एक सांगायचं आहे. फायलींच्या कामातून काउंटरवर येऊन मला तीनच दिवस झालेत. समोर एक सोमाली म्हातारा, खाडीतल्या लाकडी जहाजातून उतरलेला. सुतळीनं बांधलेली नोटांची बंडलं मांडतो आणि मोडक्या हिंदीत म्हणतो, ‘बीवी का ऑपरेशन है.’ नोटेवर मला एकच शब्द दिसतो, शिलिंग. इतक्या वर्षांनी भेटला, गुरुजी. मी तरंगतच बोर्डवरचा केनियाचा भाव लावला आणि दिरहम मोजून दिले. तो दारापर्यंत गेला असेल, तोच आमच्या मल्याळी मॅनेजरनं बंडल उचलून पाहिलं. मी कविता गुणगुणतो म्हणून तो मला मास्टर म्हणायचा. ‘मास्टर, ये सोमालिया का है. उधर सरकार ही खलास, इधर कौन लेगा? कविता घर पे करो.’

मीच धावलो. ‘चाचा, गलती हो गई.’ तो भांडला नाही. दिरहम माझ्या हातात परत ठेवत म्हणाला, ‘मैंने भी सोचा, इतना कैसे. फिर सोचा, अल्लाह ने दिया.’ बंडलं पुन्हा बांधायला त्याला फार वेळ लागला, सुतळीची गाठ बसेना. ‘अब क्या करोगे?’ मी विचारलं. ‘इन्शाल्ला,’ एवढंच म्हणून गेला. नंतर दोनदा धक्क्यावर जाऊन आलो. जहाज निघून गेलं होतं. ती बाई वाचली की नाही, कळलं नाही. तेव्हापासून एकही कविता मला शेवटापर्यंत म्हणता येत नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणूनच लिहवतं आहे. माझ्याकडून चूक झाली, एवढंच मी घरी सांगत आलो. पण भाव चुकला त्याचं काही नाही, गुरुजी. त्या दिवशी माझा पगार झाला होता. तो गाठ मारत होता तेव्हा मी खिशातलं पाकीट वरूनच चाचपलं, आणि हात काढून घेतला.