पट्टी बसली, गाडीही बसली

पवनी, १४ मे १९७९, सायंकाळ

स्वस्ति श्री मोटारकुलभूषण, गंजासुरमर्दन, पवनीपुराधिवासी अस्मादिकांचे चित्त आज अत्यंत व्याकुळ आहे.

पितृदत्त मोटारीच्या दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पट्ट्या गंजून चाळण झालेल्या. परवा कन्या कुसुम सासरी निघणार, तीही आजोबांच्याच गाडीतून. हा तिचा हट्ट. पत्राकाम करणाऱ्या दत्तूने आज खालून आधार न देताच जुन्या पट्ट्या कापल्या आणि नव्या वेल्ड केल्या.

"पट्टी तं मस्त बसली जी," तो म्हणाला, "पण गाडीबी बसून गेली."

अर्थात मध्यभागी वाकली. कुसुमच्या बाजूचे दार लागेना. भर रस्त्यात उघडले तर? शालू चाकात... नको, हा विचारच नको.

आता जोड उकलायचे, गाडी मधोमध उचलायची, पट्ट्या पुनश्च जोडायच्या. परवापर्यंत होईल?

"होऊन जाते जी!"

या तीन शब्दांइतके भयप्रद वाङ्मय माझ्या वाचनात नाही. ते दार डोळ्यांसमोरून हलत नाही.

सौभाग्यवतींची चिंता निराळीच. "जॅकखाली माहे पाट काहून घातले? उद्या व्याही जेवाले येतेत, त्याईले कायवर बसवू?"

पाट काढावेत तर जॅक मातीत रुततो.