बाजूच्या दाराचा हलर

माय, काल गोंदियातल्या एका हॉटेलात आम्हा राईस मिलवाल्यांना गोळा करून एका शहाण्यानं धंदा कसा टिकवायचा ते शिकवलं. पडद्यावर बाण वरखाली जात होते. जग बदलून राहिलं, बाजार कधी बंद पडेल नेम नाही, लवचिक व्हा, म्हणे. ज्याला ओलं धान आणि वाळलं धान दाताखाली ओळखता येत नाही, तो मला लवचिक व्हायला सांगत होता. आणि आमचे मिलवाले, एरवी सख्ख्या भावाला कणीचा खरा भाव सांगणार नाहीत, ते माना डोलावत फुकटच्या वहीत लिहून घेत होते. सगळे नंदीबैल. वही मीही घेतली.

माझी ही नजर तुला जुनी ओळखीची. नागपूरहून शिकून आलो तेव्हा मिलच्या बाजूच्या दाराशी धान भरडायचा तुझा तो लहान हलर आणि त्याच्यासमोर टोपल्या घेऊन बसलेल्या बाया पाहिल्या की माझं डोकं उठायचं. घरी खायचं धान त्या भरडून न्यायच्या, मजुरी म्हणून कोंडा आपल्याकडे राहायचा, आणि तू नखशिखांत कोंड्यानं माखलेली, कोणाच्या लेकीचं कुठं जमलं ते ऐकत बसायचीस. "ही मिल आहे का चावडी?" असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो. तू हलर थांबवला नाहीस. "मोठ्या गिऱ्हाइकाले तुझं तोंडबी मालूम नाई," म्हणालीस, "या बायांले तुले कवा गोवर निंघाला तेबी मालूम हाये." मला तो शुद्ध अडाणीपणा वाटला. तू गेलीस, आणि तीन महिन्यांत मी हलर भंगारात घातला, बाजूच्या दाराला कुलूप ठोकलं.

मग माझे दिवस आले. काळा दाणा कॅमेऱ्यानं हेरून उडवणारी मशीन आणली. सगळा तांदूळ बाहेर देशी जायचा, तोही एकाच व्यापाऱ्याच्या हातून. बरीच वर्षं चाललं आणि ती सगळी माझीच अक्कल असं मी धरून चाललो. एका संध्याकाळी सरकारनं निर्यात बंद केली. तांदळाचे भरलेले कट्टे छपराला टेकलेले, आणि ज्याच्या तोंडात उठता बसता 'भाईसाब' असायचं तो व्यापारी फोन उचलेना. त्यातच मशीनचं कार्ड जळालं. कंपनीचा माणूस म्हणतो, "सर, ये मॉडल बंद हो गया, बाहर से पार्ट नहीं आएगा. नया ले लो." जशी काही मेथीची जुडी.

एक जुना हलर शोधून आणला, बाजूचं दार उघडलं. चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी शेजारच्या गावी, तुझ्याजवळ बसून विड्या वळायची त्या म्हातारीच्या घरी गेलो. तिनं पाणी विचारलं नाही.

"काऊन बापा, आता कायले आला? माय मेली तं दार लावलं तू."

हलर पुन्हा लावलाय, बायांना घेऊन या, असं मी म्हणालो.

"येऊ आमी," ती म्हणाली. "पण कोंडा आता आमचा. तू मजुरी रोख घे."

मोठमोठ्या पार्ट्यांशी भावावरून हुज्जत घालणारा मी, तिच्यापुढं हो म्हणून आलो. आठवडाभरात ती आख्खी गल्ली घेऊन आली, मग दुसऱ्या गावच्या बाया. त्या हलरवर विजेचं बिल निघालं, हमाल टिकले, निर्यात सुटेपर्यंत मिल विकावी लागली नाही. आजूबाजूच्या कितीकांनी विकली.

म्हणूनच काल त्या शहाण्यानं शेवटी मला उभं केलं. एवढे बुडाले, तुम्ही कसे टिकलात, म्हणाला. मी सांगितलं, सगळे मोठ्या मशीनमागं धावत होते तेव्हाही लहान हलर मी कधी बंद केला नाही, पुढचं ओळखून होतो. टाळ्या वाजल्या. आज पेपरात तेच छापून माझा फोटो आलाय.

सकाळी ती म्हातारी धान घेऊन आली. पेपर टेबलावरच होता. वाकून बघत म्हणाली, "हा तं तूच हाये. काय लिवलं हाये?"

"धानाच्या भावाचं हाये," मी म्हणालो.

"बरं," म्हणून ती टोपली उचलून आत गेली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून तुला सांगतो, माय. तिला वाचता येत नाही, याचं मला बरं वाटलं.