काळ्यावर काळं

आई,

तुझी काळी चंद्रकळा सकाळपासून पुन्हा पुन्हा इस्त्री करतेय. चुरगळलेली नाही, माझंच मन थाऱ्यावर नाही. उद्या तुझ्या नातीला ती शाळेत नेसायचीये.

पुण्याहून इथे सिंगापूरला, सेंगकांगमध्ये राहायला आलो आणि ही पोरगी शाळेच्या कॅन्टीनमध्ये एकटीच जेवायला लागली. मुलं रंगावरून बोलायची, ही घरी येऊन साबणाने कोपरं घासत बसायची. माझा जीव तुटायचा. मग नायजेरियाहून आलेल्या एका मुलीने क्लब काढला, काळ्यासावळ्या मुलींचा. दोन तमिळ मुली, ती आणि आमची ही. शुक्रवारी शाळा सुटली की रिकाम्या वर्गात एकमेकींच्या वेण्या घालतात, कोण काय बोललं ते सांगतात आणि खिदळतात. आता हिचा डबा चौघींत संपतो. उद्या त्यांचा कार्यक्रम आहे. घरातलं काहीतरी काळं घालून जायचं, आणि घरचे आपल्या रंगाबद्दल काय बोलायचे ते सगळ्यांसमोर सांगायचं.

इथेच माझं घोडं अडलंय. कारण आमच्या घरात बोलणारी तू. अख्ख्या वर्षात काळं नेसायचा सण एकच, संक्रांत. तू केतकी रंगाची, चंद्रकळेत नुसती झळकतेयस. मी लहान, बाबांवर गेलेली, काळ्या परकरासाठी पाय आपटतेय. तीळ भाजता भाजता तू म्हणतेस, "काळ्यावर काळं? दिसशील तरी का?" हळदीकुंकवाला आलेल्या बायका हसतात. मग तू मला अबोली परकर देतेस. दरवर्षी अबोलीच. मला उजवायची काळजी तुला आतून खायची, हे कळतं मला. तरी राग येतो गं, अजून येतो.

काल लेकीला म्हटलं, "आजीचं ते नको सांगूस. ती आता उत्तर द्यायला नाहीये."

ती इथल्या पोरांच्या सुरात म्हणाली, "तू होतीस ना? तू पण कधी आन्सर दिलं नाहीस लाह."

सांगू दे तिला. तुझी बाजू मी तिला घरी सांगेन.

हे तुला पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. आज ती शाळेत गेल्यावर चंद्रकळा आधी मीच नेसले. आरशासमोर बराच वेळ उभी होते. दिसत होते गं, आई. छान दिसत होते.