तांबड्या ग्रहावरची काळी माती

रविवार, अकोला

बाबा आज गावाहून आले ते थेट माझ्या टेबलापाशीच थांबले. अंतराळातल्या लढाईच्या खेळासाठी बोटाएवढे चाळीस शिपाई मी वर्षभर जोडतेय, रंगवतेय. त्यांनी पाहिले आजच. एक उचलला, पण चिलखत नाही, बंदूक नाही, त्याच्या पायाखालची जमीनच न्याहाळत बसले. परका ग्रह वाटावा म्हणून मी ती तांबडी रंगवलीय.

"हे तं आपल्या वावरातली माती हाये वं!"

कसं ओळखलं? दिवाळीत डबाभर आणली होती, कोणाला न सांगता. काळी माती वाळली की अशाच भेगा पडतात, त्यांवरून ओळखलं म्हणे.

"हे कायच्यासाठी लढून राहिले?"

"या ग्रहासाठी, बाबा."

"अन् जिंकल्यावर पेरणी कोन करन?"

मी हसले. त्या ग्रहाचे राजे, फितुरी, तह, सगळं रचून झालंय. पेरणारा एकही नाही. तेव्हापासून त्या भेगांकडेच पाहतेय.

चाळिसाव्या शिपायाची बंदूक अजून चिकटवायची आहे. की नकोच? आत्ता बाबांना विचारलं, काडीपेटीतल्या काड्यांची पेरणीची नखाएवढी तिफण होईल का.

त्यांनी चष्मा मागितला.