चारच्या चहाला सगळं छान

यवतमाळ, मंगळवार, १० ऑक्टोबर

आमच्या स्टुडिओत चार वाजताच्या चहाला प्रत्येकानं गेममधली एक चूक सांगायची अन् कोणी रागवायचं नाही. नियम माझाच. आज चित्रं काढणारी वैशाली म्हणाली, "सगळं छान आहे, दादा." दीड वर्षात ती असं कधीच म्हणाली नव्हती.

काल तिनं सांगितलं, कपाशीवर फवारणी करणाऱ्या आपल्या हिरोच्या तोंडावर मास्क पाहिजे. मी सगळ्यांसमोर उडवून लावलं. "मग त्याचं हसू कसं दिसन? तुले गेम बनवायचा आहे का सरकारी पोस्टर?" सगळे हसले. ती पण हसली.

आता घरी येताना कोडिंगवाल्या पंकजनं सांगितलं, तिचा भाऊ फवारणी करता करता चक्कर येऊन पडला, चार दिवसांपासून दवाखान्यात आहे. मले काहून माहीत नाही? बाकी सगळ्यांले माहीत होतं. मले सांगणं कधीपासून बंद झालं?

उद्या मास्क लावतो, माफी मागतो. पण ती पुन्हा "सगळं छान आहे, दादा" म्हणाली तर?

आज तिच्यामागून बाकीचे चौघंही तेच म्हणाले होते. अन् मी खूश होऊन सगळ्यांसाठी समोसे मागवले.